तातडीची चौकट

चूक म्हणाल तर एवढीच, की एका चौकटीत मी बरोबरची खूण केली.

चौकट तिळाएवढी होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘तातडीचे काम असल्यास’. सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला ‘असल्यास’ हा शब्द दिसत नाही. त्याला ‘तातडीचे’ तेवढं दिसतं आणि हात आपोआप शिक्क्याकडे जातो. आमच्या जंगलखात्याच्या हापिसातून ‘अतितातडीचे’ असा लाल शिक्का नसलेला कागद बाहेर पडला तर तो पोचतो, पण उघडत कोणी नाही. म्हणून मी सगळ्यांवरच मारतो. डिंकाची बाटली संपल्याचं मागणीपत्रसुद्धा मी अतितातडीचं म्हणून पाठवलेलं आहे. त्या वेळी चुकून शेजारचा शिक्काही त्याच्यावर बसला आणि बाटली गोपनीय झाली.

तेव्हा त्या सकाळी संगणकावर ती खूण केली, यात मला काही वावगं वाटलं नाही.

ज्या यंत्राची ही गोष्ट, ते आमच्या हापिसात नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका थंड खोलीत बसतं. मी अजून ते पाहिलेलं नाही. बरीच हापिसं मिळून ते एकच यंत्र वापरतात. कोणी जंगलाचं, कोणी शेतीचं, कोणी आरोग्याचं. आपापलं काम तारेवरून पाठवायचं, रांगेत लावायचं, यंत्र एकेक उरकत जातं. आमचं रोजचं काम कॅमेऱ्यांचं. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर आणि नाल्यांवर खांबांना कॅमेरे लावलेले आहेत. समोर काही हललं की फोटो निघतो आणि यंत्राकडे जातो. यंत्र तो पाहून सांगतं, ही गाय, हे रानडुक्कर, हा माणूस. वाघ म्हटलं की त्याच खांबावरचा भोंगा आपोआप वाजतो. लोक थांबतात. हे चालू झाल्यापासून लोकांचा त्या भोंग्यावर भरवसा बसला होता. भोंगा गप्प, म्हणजे रस्ता मोकळा.

यंत्र एक आणि खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून त्याला नियम आहे. प्रत्येक हापिसाला दिवसाचा ठरावीक वाटा. वाटा असेपर्यंत काम पटकन होतं. वाटा संपला तर काम बंद पडत नाही, पण रांगेच्या शेपटीला जातं. बाकीच्यांचं आटोपलं की मग तुमचं. तातडीची खूण केली तर तुमचं काम सगळ्यांना ओलांडून पुढे जातं, मात्र वाटाही भराभर संपतो. परिपत्रकात याला ‘न्याय्य वापर मर्यादा’ असं भारदस्त नाव होतं. चंद्रपूरच्या प्रशिक्षणात हे सगळं आम्हाला उदाहरणांसकट समजावून सांगितलं म्हणतात. मी हजर होतो, माझी सही आहे. मला आठवते ती फक्त तिथल्या पोह्यांवरची तर्री.

परिपत्रक समजलं ते आमच्या जीपच्या ड्रायव्हरला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि ते दारात उभे राहून ऐकत होते.

“मतलब कंट्रोल की दुकान, बडे बाबू,” ते म्हणाले. “कार्ड पे जितना लिखा उतनाच मिलेगा.”

“चाचा, हा कॉम्प्युटर आहे. रेशनचा तांदूळ नाही.”

“लाइन तो लाइन होती है, बाबू. चावल की हो या चाँद की.”

मी हसलो आणि परिपत्रकावर चहाचा ग्लास ठेवला.

आता त्या दिवशी मी यंत्राकडे नेमकं काय पाठवलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. साहेबांनी जुन्या रोपवनांचे फोटो मागितले होते. लोखंडी कपाटात पंधरा पावसाळे खाल्लेले फोटो. खड्डे, रोपं, रोपांशेजारी उभे असलेले तेव्हाचे साहेब. ते यंत्र असे डागाळलेले फोटो साफ करून देतं. मी ते सगळे स्कॅन करून आत घेतले आणि मग मनात आलं की आपल्या घरीही एक अल्बम आहे.

पुढच्या आठवड्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. अल्बमला बुरशी लागलेली. त्या बुरशीने नवरीचा चेहरा प्रत्येक फोटोत खाल्लेला होता. नवऱ्याचा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत. बुरशीलाही चव असते. बायकोला आपण काही आणत नाही, आणलं तर ते बदलून आणावं लागतं. या वेळी तिला तिचा चेहरा परत द्यावा, असं मनात होतं. म्हणून दोनशेच्या वर फोटो मी हळूच रोपवनाच्या फोटोंमध्ये सरकवले. फाइलीला नाव दिलं, ‘रोपवन, जुने’. खोटं म्हणता येणार नाही.

साहेब बैठकीला गेलेले होते. मी आठ वाजताच हापिसात आलो, कुलूप उघडलं, सगळं रांगेत लावलं आणि चौकटीत खूण केली.

काम सपाट्याने सुरू झालं. पडद्यावर एकेक फोटो उजळून येत होता. हिरवा शालू पहिल्यांदा हिरवा दिसला. मग मुंडावळ्या, मग हनुवटी. नऊच्या सुमारास खाली एक लाल ओळ आली. आजची मर्यादा संपली आहे, पुढील कामे सर्वसाधारण रांगेत घेतली जातील, असं काहीतरी. तिच्याखाली ‘ठीक आहे’ असं बटण होतं. ते दिसलं की मी दाबतो. आयुष्यात मी एवढ्या वेळा दुसरं कशालाच ठीक आहे म्हटलेलं नाही.

साडेनऊला केव्हातरी माझं लक्ष पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे कॅमेऱ्यांचे न पाहिलेले फोटो किती, तो आकडा असतो. एरवी दोन, फार तर चार. त्या वेळी एकसष्ट होता.

मला वाटलं, यंत्र जरा सुस्त झालं असेल, चला आपणच हाताने चाळून टाकू. एक उघडला, गाय. दुसरा, गायच. तिसऱ्यात एक मोटरसायकल आणि तिच्यावर खताची गोणी. मग पुन्हा गाय. नंतर रपट्याच्या कॅमेऱ्याचा फोटो आला. नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलाला आमच्याकडे रपटा म्हणतात. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं, एरवी रस्ता.

रपट्याच्या मधोमध वाघ उभा होता.

मी फोटोत वाघ पुष्कळ पाहिले आहेत. हा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, गावाच्या दिशेने. खाली वेळ होती, नऊ वाजून चार मिनिटं. मी पुढचा फोटो उघडला. नऊ वाजून अकरा, तोच वाघ, आता रपट्याच्या कडेला गवतात बसलेला. फक्त कान आणि पाठ. त्याच्या पुढचा, नऊ अठरा. कान तिथेच.

भोंगा वाजला नव्हता. वाजणार कसा? यंत्राने तो फोटो अजून पाहिलाच नव्हता. तो रांगेच्या शेपटीला पडला होता आणि त्याच्या आधी माझी बायको शालू नेसून उजळत होती.

आणि हीच बायको सव्वानऊला घरून स्कूटी काढते. ती अंगणवाडीत बाई आहे. तिची अंगणवाडी रपट्याच्या पलीकडच्या गावात. तिला रपट्यापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ पस्तीस.

माणूस घाबरला की त्याच्या तोंडाला कोरड पडते, पाय कापतात, असं ऐकलं होतं. माझं तसं काही झालं नाही. मला ऐकू येईनासं झालं. पंखा फिरत होता, त्याचा आवाज बंद. मी फोन लावला. आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ही बाई काय बोलते तेसुद्धा ओठांवरून समजून घेतल्यासारखं वाटलं. रपट्याच्या अलीकडे एक वळण आहे, त्याच्यापुढे माणसांच्या फोनला रेंज नाही. कॅमेऱ्याला मात्र उंच खांबावर वेगळी सोय करून दिलेली आहे. वाघाचा फोटो येतो, बायकोचा फोन लागत नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. नंतर मोबाइलवर निरोप टाकला, ‘रपट्यावर जाऊ नको’. त्याच्यापुढे एकच खूण उमटली. दुसरी उमटेना.

मग मी काय केलं असेल? पुन्हा यंत्राशी भांडायला बसलो. रपट्याचा फोटो निवडला, चौकटीत खूण केली. लाल ओळ आली. पुन्हा केली, पुन्हा लाल ओळ. माझ्या हापिसाची तातडी त्या दिवसापुरती संपलेली होती. मी ती खाऊन टाकली होती.

शेवटी त्या थंड खोलीतल्या मॅडमना फोन केला. त्या वरोऱ्याकडच्या. यंत्राची देखभाल त्यांच्याकडे आहे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाजावरून मुलीच्या वयाच्या.

“सर, मीच तुमाले फोन करनार होती,” त्या म्हणाल्या. “सकाळी आठपासून तुमचंच तातडीचं चालू आहे. तुमचं चाललं तवा बाकीच्याइचं थांबते न? आन् रोपवनात हे लग्न कोनाचं आहे?”

“मॅडम, वाघ!”

“आँ?”

“रपट्यावर वाघ आहे. फोटो मागे अडकला. तेवढा एक फोटो पुढे घ्या. पाया पडतो तुमच्या. एकच फोटो.”

“तुमी पाह्यला का वाघ?”

“पाहिला ना! तीन फोटोंत आहे.”

“आपल्या डोळ्यानं पाह्यला?”

“हो!”

“मंग यंत्राले काऊन इचारून राह्यले सर? भोंगा मी इथून वाजवते. थांबा.”

कीबोर्डची टकटक ऐकू आली. दहा एक क्षण गेले असतील. त्या दहा क्षणांत मला कळलं की वाघ ओळखायला मला यंत्र लागत नव्हतं. सव्वीस वर्षं जंगलखात्यात काढलेला माणूस, समोर वाघ बसलेला, आणि मी परवानगी मागत होतो.

“वाजला सर,” मॅडम म्हणाल्या. “नऊ एक्केचाळीस. बंद करत नाई मी, वाजू देते. कोनी आहे का तिकडं तुमचं?”

 मी फोन टेबलावर तसाच ठेवून बाहेर धावलो. एका पायात चप्पल होती, दुसरी टेबलाखाली. ते मला जीपमध्ये बसल्यावर दिसलं.

चाचा स्टिअरिंगवरच होते. “रपटा,” एवढंच मी म्हणालो, आणि “घरची”. त्यांनी गाडी काढली. एरवी ते खड्डा दिसला की त्याला सलाम करून मग बाजूने जातात. त्या दिवशी एकही चुकवला नाही.

दोन्ही बाजूंना बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी साचलेलं होतं, रोवणीचे दिवस. रोज याच वेळी बांध्यांत बाया वाकलेल्या असतात, त्यांची गाणी असतात. त्या दिवशी मला एकही बाई दिसली नाही. एका बांधीत धानाच्या रोपांच्या जुड्या तशाच टाकलेल्या होत्या. मी हिशेब करत होतो. सव्वानऊला निघाली. नाही, कुलूप लावायला तिला वेळ लागतो. म्हणजे नऊ वीस. पण तिला उशीर झाला की ती गाडी जोरात हाणते. नऊ एक्केचाळीसला भोंगा. त्याच्या आधी पोचली की नंतर? मी आकडे कितीही वेळा मांडले तरी ती रपट्यावरच येत होती. कुठल्याच हिशेबात ती अलीकडे राहत नव्हती.

“कुछ बोलो बाबू,” चाचा म्हणाले. “चुप मत बैठो.”

“माझ्यामुळे झालं, चाचा.”

“शेर क्या तुम्हारा भेजा हुआ है?”

“भोंगा माझ्यामुळे नाही वाजला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मग त्यांनी गाडी आणखी जोरात हाणली. 

वळण घेतलं आणि भोंगा ऐकू आला. लांबून तो एखाद्या जनावराने सारखा गळा काढावा तसा वाटत होता. मॅडमनी खरोखरच बंद केला नव्हता. जवळ जावं तसा तो वाढत गेला. दुसरा कुठलाच आवाज नाही. पाखरू नाही, माणूस नाही.

रपट्याच्या तोंडाशी स्कूटी आडवी पडलेली होती. तिचं पुढचं चाक रपट्यावर आणि मागचं रस्त्यावर. हेल्मेट दूर घरंगळलेलं. अंगणवाडीची रजिस्टरं ओल्या रस्त्यावर उघडी पडून फडफडत होती. आणि सिमेंटवर काहीतरी सांडलं होतं. ओलं, चिकट, पसरत गेलेलं.

मी उतरायला गेलो तर चाचांनी माझी कॉलर धरली. “बैठो!” ते ओरडले. एका हाताने त्यांनी मला धरून ठेवलं आणि दुसऱ्याने हॉर्न दाबला. वर भोंगा, खाली हॉर्न. काचेतून मी त्या सांडलेल्या गोष्टीकडे बघत होतो. माझं डोकं तिला एकच नाव देत होतं आणि मी ते घेऊ देत नव्हतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग चाचा हळूच म्हणाले, “अंडे हैं, बाबू. बच्चों के अंडे. पीला देखो ना, पीला.”

पिवळंच होतं. अंगणवाडीतल्या पोरांची अंडी. मी तोपर्यंत रंग बघितलाच नव्हता.

पण मग ती कुठे? रपट्याच्या कडेच्या चिखलात पंजे उमटलेले होते, बशीएवढे. ते पलीकडे गवतात गेले होते की गवतातून इकडे आले होते, हे मला जंगलखात्यात असूनही ओळखता येईना. चाचांनी जीप हळूहळू मागे घेतली, डावीकडच्या शेताकडे तोंड केलं आणि हॉर्न थांबवला. त्या वेळी पत्र्यावर थापा मारल्यासारखा आवाज आला. शेतात मोटरपंपाची एक खोली होती, विटांची, पत्र्याचं दार असलेली. दार आतून कोणीतरी बडवत होतं.

चाचांनी जीप थेट बांधावर चढवून दारापाशी नेली.

“कोन हाये?” आतून आवाज.

“मी!”

“मी कोन?”

“अगं, मी!”

आत कुजबुज झाली. एक म्हातारा आवाज म्हणाला, “बाई, तुमचा मानूस दिसते.”

मग बायकोचा आवाज आला. तो मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. “वाघ कुठी हाये थे पाह्यलं का आधी? का नुसतेच आले धावत?”

मी जीपच्या पत्र्याला कपाळ टेकलं आणि तसाच बसून राहिलो. चाचांनी सगळीकडे पाहून घेतलं, दाराला जीप अगदी चिकटवली, तेव्हा दार उघडलं. चार हात लांबीरुंदीच्या त्या खोलीतून सात बाया बाहेर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर कोळ्यांची जाळी. सर्वांत शेवटी माझी बायको. एका हातात चार अंडी राहिलेली पिशवी होती.

“चप्पल कुठी हाये तुमची?” ती म्हणाली.

झालं होतं ते असं. या रस्त्याच्या बायांची एक रीत आहे. रपटा एकटीने ओलांडायचा नाही. रोवणीला जाणाऱ्या बाया अलीकडच्या मोहाच्या झाडाखाली थांबतात, माझी बायकोही स्कूटी थांबवते, सगळ्या जमल्या की घोळक्याने जातात. ती मध्ये, गाडी चालवायची ती पायी चालल्यासारखी. त्या दिवशी एक म्हातारी तंबाखूची थैली विसरली म्हणून परत गेली होती. बाकीच्या तिच्यासाठी खोळंबल्या, तिला शिव्या देत. ती आल्यावर निघाल्या.

“पलीकडं माकडं वरडून राह्यली होती,” म्हातारी जीपमध्ये सांगत होती. “मी म्हनलं बाई, काहीतरी हाये. तर ह्या म्हनते, भोंगा वाजला नाई, मंग काई नाई. चला.”

“म्हनली मी,” बायको म्हणाली. “भोंगा नाई वाजला तर मानूस काय समजन?”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. माह्या गाडीचं पुढचं चाक रपट्यावर गेलं आन् भोंगा वाजला. आन् गवतातून उठला थो. इथून त्या खांबाएवढा लांब.” तिने बोटाने दाखवलं. खांब फार जवळ होता. “भोंग्यानं थोही दचकला. गाडी फेकली आन् पळाल्या आमी.”

तिने सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, हजेरी घेतल्यासारखं. पण पिशवीतली चार अंडी एकमेकांवर वाजत होती.  पिशवीचा हात तिने गुडघ्याखाली घेतला. मी त्या हातावर हात ठेवणार होतो, पण सहा बाया आणि चाचा बघत होते.

म्हातारीने थैली काढून चिमूटभर तंबाखू मळली. “माह्या थैलीनं वाचवलं तुमाले,” ती म्हणाली. “आता उद्यापासून शिव्या नका देऊ.”

हापिसात परत आलो तेव्हा टेबलावरचा फोन बंद पडला होता. पडद्यावर लग्नाचे फोटो सगळे साफ होऊन आले होते. मी मॅडमना चाचांच्या फोनवरून सांगितलं, सगळे सुखरूप आहेत.  पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, “बरं झालं सर. ठेवते. मागचं लई साचलं आहे.”

दिवसभर मी एकही शिक्का मारला नाही. कागदावर सही करायला गेलो तर माझंच नाव मला लिहिता येईना. कोणी दार वाजवलं की दचकत होतो. रपट्यावरची ती आडवी स्कूटी मला मधूनमधून भिंतीवर दिसत होती. खरं सांगायचं तर अजूनही दिसते. ती घरून निघाली की वीस मिनिटं माझ्याने काही काम होत नाही.

संध्याकाळी ती ओसरीत बसून ओल्या फडक्याने रजिस्टरांवरची अंडी पुसत होती. पोरांच्या वजनाचं पान, उंचीचं पान. मी चहा केला. मी चहा केला म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे तिला कळतं.

“बोला जी,” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. चौकट, खूण, लाल ओळ, ‘ठीक आहे’. रोपवनातलं आमचं लग्न. काही सुटलं नाही. तिच्यापासून लपवून ठेवलेली भेट होती, तीही तेव्हाच दिली, म्हणजे मोबाइलवर एक फोटो उघडून पुढे धरला.

तिने फडकं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि फोटो बराच वेळ पाहिला.

“बारीक होती मी,” ती म्हणाली.

“रागावली का?”

 तिने रजिस्टरचं पान उलटलं आणि पुसायला लागली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला धुऊन काढेल. दोन्हीची माझी तयारी होती.

“आमच्या गावी तलाव हाये न,” ती म्हणाली. तिचं माहेर कुरखेड्याकडचं. “त्याचं पानी पाळीनं भेटे. आज याची बांधी, उद्या त्याची. एखांद्यानं पाळी तोडून पानी घेतलंच, तर कोनी मारत नाई त्याले. दंड नाई, काई नाई. पन त्यानं स्वतः जायचं. खालच्या ज्या ज्या बांध्या कोरड्या राह्यल्या, त्याइच्या घरी जायचं आन् दारात उभं राहून सांगायचं, का तुमचं पानी मी घेतलं. माह्या बापाले एक डाव जावं लागलं. पाच घरी गेला. घरी आला तं जेवला नाई.”

“मी तुला सांगितलं ना.”

“मले सांगतलं. मी तुमच्याच घरची,” ती म्हणाली. “सकाळी आठपासून बाकीच्या हापिसाइचं थांबलं होतं, असं म्हनली न थे पोरगी? माह्यासाठी भोंगा येळेवर वाजला. पन तुमच्या खालच्या बांधीत आनखी कोन होतं, थे इचारलं का तिले?”